सॅमनचा परवाना: पैसा कुणाचा, राखण कुणाची

सॅमन धरण्याच्या परवान्यासाठी घेतल्या जाणाऱ्या फीबद्दल दोन मते ठामपणे मांडली जातात. मत्स्यखात्यांच्या लेखी ही फी म्हणजे सॅमनच्या संवर्धनाचा आधार. नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्यांच्या लेखी ती आणखी एक पट्टी, जी भरूनही नदीत मासा वाढत नाही. दोन्ही बाजूंचा वाद असतो तो रकमेवर. रकमेपुरते पाहिले तर गळ टाकणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते, कारण सॅमनवर आलेली मोठी संकटे निवारता येतील इतका पैसा या फीतून कुठल्याही देशात जमत नाही. तरीही परवाना काढून टाकला तर सॅमनचे नुकसानच होईल. परवान्याची खरी उपयुक्तता मोजदादीत, पहाऱ्यात आणि नदीच्या वतीने जाब विचारणारा वर्ग तयार होण्यात आहे. ही उपयुक्तता फी किती आहे यापेक्षा ती कशी बांधली आहे आणि कुठे खर्च होते यावर अवलंबून असते.

सॅमनची राखण करावी लागते ती त्याच्या जीवनक्रमामुळे. मादी नदीच्या वरच्या भागात, गार आणि वाहत्या पाण्यातल्या गोट्यांखाली अंडी घालते. पिल्ले जातीनुसार काही आठवडे ते काही वर्षे गोड्या पाण्यात काढून समुद्रात उतरतात, तिथे झपाट्याने वाढतात आणि पूर्ण वाढ झाल्यावर बहुतेक सगळी आपल्या जन्माच्या नदीतच विणीसाठी परततात. पॅसिफिक महासागराकडचे चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम हे सॅमन एकदा विणीला आले की मरतात. अटलांटिक सॅमनपैकी काही वाचून पुन्हा समुद्रात जातात. या परतण्याच्या सवयीमुळे प्रत्येक नदीचा सॅमन हा जवळजवळ स्वतंत्र वंश होतो. एका नदीतला वंश संपला तर शेजारच्या नदीतले मासे येऊन ती जागा लगेच भरून काढत नाहीत. आणि परतणारा प्रत्येक मासा नदीच्या अरुंद मुखातूनच आत शिरतो. तिथे जाळी लावून बसले की एका हंगामात अख्खी पिढी उचलता येते.

ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच ध्यानात आली होती. समुद्रातल्या कॉडसारख्या मोठ्या मासेमाऱ्या माणसाच्या हातून संपणार नाहीत, असे जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली यांनी १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात सांगितले. पुढे हे विधान किती चुकीचे ठरले ते सर्वांना माहीत आहे, आणि हक्स्लींची त्यावरून थट्टाही पुष्कळ झाली. पण त्याच भाषणात त्यांनी सॅमनच्या नदीला वेगळे काढले होते. नदी माणसाला अडवता येते, म्हणून ती रिकामी करता येते. आणि अडवता येते म्हणूनच तिच्यावर नियमही चालवता येतात, असा त्यांचा मुद्दा होता. ते तेव्हा इंग्लंडमधल्या सॅमन मासेमारीचे सरकारी निरीक्षक होते, म्हणजे हे बोलणे नुसत्या तर्कातून आलेले नव्हते.

परवाना फीचा जन्मही याच काळातला. कारखान्यांचे सांडपाणी, गिरण्यांचे बंधारे आणि बेसुमार जाळी यांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या नद्या ओस पडू लागल्या, तेव्हा एक शाही आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशींवरून १८६१ मध्ये सॅमन मासेमारीचा कायदा झाला. कायद्यात मनाया भरपूर होत्या. त्या राबवायला माणसे नव्हती. ही उणीव १८६५ च्या कायद्याने भरून काढली. नदीच्या खोऱ्यासाठी संरक्षक मंडळे नेमली गेली, गळ आणि जाळी यांच्यावर परवाना फी बसवण्याचा अधिकार त्यांना मिळाला, आणि जमलेल्या पैशातून नदीवर गस्त घालणारे राखणदार ठेवले जाऊ लागले. फीचा मूळ हेतू इतका साधा होता: राखणदाराचा पगार. नदी पुन्हा माशांनी भरून टाकण्याचे ओझे या फीवर कुणी टाकले नव्हते. १८६७ पासून निरीक्षक असलेले फ्रँक बकलंड आयुष्यभर बंधाऱ्यांवर माशांसाठी पायऱ्या बांधून घेण्यासाठी झगडले, पण त्या बांधण्याचा खर्च मुळात बंधारेवाल्यांनीच करायला हवा होता.

या व्यवस्थेतला दोषही सुरुवातीपासून होता. ज्या नदीत मासा मुबलक तिथे परवाने घेणारे अनेक, म्हणून मंडळ श्रीमंत. ज्या नदीत मासा संपत आलेला तिथे परवाना घेणार कोण, आणि राखणदार ठेवणार कशातून? राखणीची गरज जिथे सर्वांत जास्त तिथे पैसा सर्वांत कमी. हा दोष दीडशे वर्षांत गेलेला नाही, त्याचे रूप फक्त बदलले आहे.

इंग्लंडमध्ये ही मंडळे पुढे मोठ्या प्राधिकरणांत विलीन होत गेली. १९७५ च्या कायद्याने नियम एकत्र आले, १९९२ मध्ये संपूर्ण इंग्लंड-वेल्ससाठी एकच गळ-परवाना सुरू झाला आणि १९९६ पासून पर्यावरण संस्थेकडे तो कारभार गेला. २०१७ मध्ये दोन गळांच्या साध्या वार्षिक परवान्याची किंमत ३० पौंड होती, सॅमन आणि सी-ट्राउटच्या परवान्याची ८२ पौंड. परवाना घेतला म्हणून मासे धरण्याचा हक्क मात्र मिळत नाही; तो नदीकाठच्या मालकाचा असतो आणि त्याची परवानगी वेगळी विकत घ्यावी लागते. परवाना फक्त गळ वापरण्याची मुभा देतो. सगळ्या प्रकारच्या परवान्यांतून वर्षाला सुमारे २ कोटी पौंड जमतात, पण त्यातला मोठा हिस्सा तळ्यांत आणि कालव्यांत साधे मासे धरणाऱ्यांचा असतो. सॅमनचा परवाना घेणारे त्या गर्दीत अगदी थोडे, आणि मासा घटला तसे तेही घटले.

आता या रकमेच्या शेजारी टाइन नदीची गोष्ट ठेवावी. इंग्लंडच्या ईशान्येची ही नदी विसाव्या शतकाच्या मध्यावर सॅमनसाठी जवळजवळ मेलेली होती. न्यूकॅसल आणि आसपासच्या वस्त्यांचे मैलापाणी प्रक्रियेविना मुखाशी सोडले जात असे. उन्हाळ्यात तिथल्या पाण्यात प्राणवायू उरत नसे, आणि समुद्रातून आलेला मासा त्या पट्ट्याच्या पलीकडे जिवंत जाऊ शकत नसे. आज टाइन ही इंग्लंडमधल्या सर्वोत्तम सॅमन नद्यांत गणली जाते. हा पालट घडवला तो १९७० आणि १९८० च्या दशकांत किनाऱ्यालगत टाकलेल्या मोठ्या गटारवाहिन्यांनी, आणि काही प्रमाणात जुने उद्योग बंद पडल्यामुळे. या वाहिन्यांचा खर्च पाणी आणि मलनिस्सारणाच्या आकारणीतून झाला. कील्डर धरणाच्या भरपाईदाखल उभारलेल्या मत्स्यबीज केंद्रातून सोडलेल्या पिल्लांनी सुरुवातीला हातभार लावला, पण तो दुय्यम होता. त्या काळात गळ-परवान्याची फी दुप्पट केली असती तरी टाइनमध्ये एक मासाही जास्त आला नसता.

अमेरिकेच्या वायव्येला प्रमाणाची ही तफावत आणखी ठळक दिसते. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात गोऱ्या वसाहतीपूर्वी दर वर्षी १ कोटी ते १ कोटी ६० लाख सॅमन आणि त्यांच्यासारखेच समुद्रातून परतणारे स्टीलहेड ट्राउट परतत असावेत असा तिथल्या ऊर्जा व संवर्धन परिषदेचा अंदाज आहे. १९३८ मध्ये बॉनव्हिल धरण झाले, त्याला माशांसाठी पायऱ्या होत्या. १९४२ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रँड कूलीला त्या नव्हत्या, आणि कोलंबियाचा वरचा सगळा भाग सॅमनला कायमचा बंद झाला. उपनदी स्नेकवर १९६२ ते १९७५ या काळात आणखी चार धरणे आली. १९९१ च्या अखेरीस स्नेकचा सॉकाय संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला; १९९२ मध्ये आयडाहोच्या रेडफिश सरोवरात त्याचा एकच नर परतला. १९८० च्या कायद्याने या खोऱ्यातल्या जलविद्युतीचा मोठा विक्रेता असलेल्या सरकारी वीज संस्थेवर मासे आणि वन्यजीव यांच्या भरपाईची जबाबदारी टाकली, आणि तेव्हापासून अब्जावधी डॉलर वीजग्राहकांच्या बिलांतून त्यावर खर्च झाले आहेत. परिषदेने वर्षाला ५० लाख मासे परतावेत असे उद्दिष्ट ठेवले होते. अलीकडची सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळते. इतका पैसा ओतूनही जिथे हे हाल, तिथे परवान्याच्या काही डॉलरांकडून काय अपेक्षा करायची?

आणखी दोन उदाहरणे याच दिशेची आहेत. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ मध्ये पाडून झाली आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत चिनूक सॅमन ऑरेगनमधल्या त्या भागात दिसले जिथे शंभरेक वर्षे ते पोचू शकले नव्हते. सुमारे ४५ कोटी डॉलरची ही तरतूद वीज कंपनीच्या ग्राहकांकडून आणि कॅलिफोर्नियाच्या जलरोख्यांतून आली. वॉशिंग्टन राज्यात रस्त्यांखालच्या ज्या मोऱ्यांनी ओढे सॅमनसाठी अडवले होते त्या बदलण्याचा आदेश न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. तो खर्चही अब्जांच्या घरातला, आणि तो रस्त्यांच्या अंदाजपत्रकात पडला. या सगळ्यांत एक सूत्र आहे. सॅमन परत आला तिथे बिघडवणाऱ्याच्या किंवा त्या बिघाडाचा फायदा घेणाऱ्याच्या खिशातून पैसा निघाला. परवाना फी मात्र वापरणाऱ्याकडून घेतली जाते, आणि सॅमनच्या बाबतीत वापरणारा आणि बिघडवणारा हे बहुधा वेगळे असतात. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या वाय नदीच्या खोऱ्यात २ कोटींहून अधिक कोंबड्या पाळल्या जातात. त्यांच्या खताचा फॉस्फेट नदीत उतरतो, शेवाळ माजते आणि पाणी गुदमरते. त्या नदीवर गळ टाकायचा असेल तर परवाना लागतो.

मग परवाना हवाच कशाला? या प्रश्नाचे पहिले उत्तर मोजदादीत आहे. नदीत किती मासे आले, किती मारले गेले, किती सोडले गेले हे कळल्याशिवाय एखाद्या वंशाला धोका आहे की नाही हेच ठरवता येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सॅमनचा परवाना घेणाऱ्याने हंगामाअखेरी धरलेल्या माशांचे विवरण देणे सक्तीचे आहे, एकही मासा मिळाला नसला तरी. तिथल्या ६४ प्रमुख सॅमन नद्यांपैकी प्रत्येकीसाठी विणीला किमान किती मासे उरले पाहिजेत याची मर्यादा आखलेली असते, आणि त्या हिशेबात या विवरणांचा मोठा वाटा असतो. आयर्लंडने २००१ पासून मारलेल्या प्रत्येक सॅमनला क्रमांकाची पट्टी लावणे सक्तीचे केले. न्यूफाउंडलंडमध्ये परवान्याबरोबरच मोजक्या पट्ट्या मिळतात. पट्ट्या संपल्या की मासा ठेवता येत नाही. इथे परवाना हा पैशाचा दस्तऐवज राहत नाही, तो शिधापत्रिकेसारखा होतो.

या मोजदादीची किंमत वॉशिंग्टन राज्याला चांगलीच कळली. कोलंबिया खोऱ्यात सॅमन किंवा स्टीलहेड धरायचा असेल तर २०१० पासून मूळ परवान्यावर नऊ डॉलरहून कमी किमतीची एक जोडनोंद घ्यावी लागे. तो पैसा मुख्यतः धरलेल्या माशांची पाहणी आणि गस्त यांवर जात असे. संकटग्रस्त वंश ज्या पाण्यात मिसळलेले असतात तिथे मासेमारी खुली करायची तर कडक निरीक्षण असले पाहिजे, ही केंद्र सरकारची अट. म्हणजे निरीक्षक नसेल तर हंगामच नाही. २०१९ मध्ये विधिमंडळाने या जोडनोंदीची मुदत वाढवली नाही आणि मत्स्यखात्याला निरीक्षणासाठी पैशाची ओढाताण सुरू झाली. एवढ्याशा फीमुळे मासे वाढले असे कुणी म्हणू शकत नाही. पण तिच्यामुळे धोक्यातल्या वंशांना हात न लावता उरलेले मासे धरता येत होते, आणि हे काम लहान नाही.

दुसरे उत्तर पैसा बांधून ठेवण्यात आहे. अमेरिकेत १९५० मध्ये डिंजेल-जॉन्सन कायदा झाला. गळ, चरखी, कृत्रिम आमिषे अशा सामानावरचा अबकारी कर केंद्र सरकार गोळा करते आणि राज्यांच्या मत्स्यकामांना खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत मदत देते. १९८४ च्या दुरुस्तीने मोटरबोटींच्या इंधनावरचा करही त्यात आला. हल्ली दर वर्षी सुमारे ४० कोटी डॉलर असे वाटले जातात. वाटपाचे सूत्र मोठे चतुर आहे: ६० टक्के भार राज्यातल्या परवानाधारकांच्या संख्येवर, ४० टक्के क्षेत्रफळावर. म्हणजे राज्याने विकलेला प्रत्येक परवाना केंद्राकडून आणखी पैसा ओढून आणतो. फुकट दिलेला परवाना या मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे ज्येष्ठांना मोफत परवाने देण्याची लोकप्रिय घोषणा करण्याआधी राज्यांना दोनदा विचार करावा लागतो. पण सर्वांत मोलाची अट वेगळीच आहे. परवान्याचा पैसा मत्स्य आणि वन्यजीव खात्याबाहेर वळवला तर राज्य या मदतीला अपात्र ठरते. अंदाजपत्रकाची तूट भरून काढायला निघालेल्या अर्थमंत्र्यांपासून हा पैसा ७५ वर्षे सुरक्षित राहिला तो या एका कलमामुळे. सॅमनबद्दलच्या कितीतरी उदात्त घोषणांपेक्षा ही कोरडी हिशेबी तरतूद जास्त उपयोगी पडली आहे.

असे बंधन नसेल तर लोक फी भरतच नाहीत, हे आयर्लंडने दाखवून दिले. सॅमनसाठी तिथे परवाना होताच. १९८७ च्या कायद्याने सरकारने तो ट्राउट आणि इतर गोड्या पाण्यातल्या माशांसाठीही लागू केला, आणि पश्चिमेकडच्या कॉरिब, मास्क यांसारख्या सरोवरांभोवती उघड असहकार सुरू झाला. रक्कम मोठी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या मोकळेपणाने वापरलेल्या पाण्यावर सरकारने न विचारता पट्टी बसवली, याचा तो राग होता. अखेर १९९१ मध्ये सक्ती मागे घेऊन स्थानिक सहकारी संस्थांचा ऐच्छिक मार्ग काढावा लागला. सॅमनचा परवाना मात्र टिकला, आणि २००७ पासून त्याच्या उत्पन्नाचा निम्मा भाग सॅमन संवर्धन निधीत राखून ठेवला जाऊ लागला. त्याच वर्षापासून समुद्रातली वाहती जाळी बंद झाली आणि कोळ्यांना भरपाई सरकारी तिजोरीतून दिली गेली. गळ टाकणारे फी वाढल्यावर कुरकुरले, पण या वेळी बंड झाले नाही. जाळ्यांवरही नियम आला आणि पैसा कुठे जातो ते दिसू लागले, यामुळे हा फरक पडला असे मानायला जागा आहे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात हीच गोष्ट जास्त मोकळेपणाने चालते. खाऱ्या पाण्यात धरलेला सॅमन घरी न्यायचा असेल तर परवान्यावर संवर्धनाचे वेगळे तिकीट लावावे लागते. स्थानिकांसाठी ते सहा डॉलरच्या आसपास असे. २०१३ पासून या तिकिटाचे सगळे उत्पन्न पॅसिफिक सॅमन फाउंडेशनकडे जाते आणि तिथून ओढ्यांची निगा राखणाऱ्या गावोगावच्या स्वयंसेवी गटांना लहान लहान अनुदाने मिळतात. रक्कम थोडी, पण ती फुकट राबणाऱ्या हातांच्या पाठीशी उभी राहते: कुणी ओढ्याकाठी झाडे लावतो, कुणी परतणारे मासे मोजतो, कुणी बुजलेली मोरी मोकळी करतो. शिवाय वर्षानुवर्षे ओढा पाहणारी ही माणसे एखादा कारखाना किंवा नवी वसाहत तिथे आली की सुनावणीला हजर असतात. हे फळ ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

फीच्या या जमेच्या बाजूंइतकीच तिची उलटी ओढही पाहिली पाहिजे. परवान्यावर जगणारे खाते परवाने विकले जावेत असेच वागणार. परवाना विकला जाण्यासाठी गळाला मासा लागला पाहिजे, आणि गळाला मासा लावण्याचा सोपा उपाय म्हणजे मत्स्यबीज केंद्र. अमेरिकेच्या वायव्येत धरणांची भरपाई म्हणून आणि मासेमारांच्या समाधानासाठी अशी केंद्रे शेकड्यांनी उभी राहिली. पाठीवरचा लहान चरबीयुक्त पर कापून केंद्रातला मासा ओळखता येतो, त्यामुळे तो ठेवायचा आणि रानटी मासा सोडून द्यायचा अशी सोय झाली. पण केंद्रातले मासे नदीत रानटी माशांबरोबर वीण करतात, आणि त्यांची संतती दुबळी निघते. ऑरेगनच्या हूड नदीवरच्या स्टीलहेडचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकीय अभ्यास या बाबतीत निर्णायक मानला जातो: माणसाच्या हाताखाली वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नैसर्गिक विणीतले यश सुमारे ४० टक्क्यांनी घटत होते. वेल्सच्या निसर्गसंपदा संस्थेने २०१४ मध्ये सॅमनची पिल्ले सोडणे बंद करण्याचा निर्णय घेतला तेव्हा सर्वांत मोठा विरोध गळ टाकणाऱ्यांच्याच संघटनांनी केला. नदीत बोटुकली ओतताना दिसते. नांगरटीची माती ओढ्यात येऊ नये म्हणून घातलेले कुंपण कुणाच्या नजरेत भरत नाही. फी भरणाऱ्याला मोबदला दिसावा लागतो, ही या निधीची अंगभूत मर्यादा आहे.

१८६५ च्या मंडळांचा दोष आज हंगाम बंद ठेवावा लागतो तेव्हा डोके वर काढतो. कॅलिफोर्नियाने समुद्रातली सॅमन मासेमारी २००८ आणि २००९ मध्ये बंद ठेवली, पुन्हा २०२३ आणि २०२४ मध्ये. दुष्काळात सॅक्रामेंटो नदीचे पाणी तापून अंडी आणि पिल्ले मरतात. त्याचा परिणाम दोन-तीन वर्षांनी परतीच्या संख्येत दिसतो. वेल्समध्ये २०२० पासून दहा वर्षांसाठी प्रत्येक सॅमन धरल्यावर सोडून देणे सक्तीचे आहे. बंदी योग्यच असते, पण तिच्यामुळे परवान्यांची विक्री पडते आणि बंदीच्या काळात नदीवर लक्ष ठेवायला लागणारा पैसा आटतो. चोरट्या मासेमारीला अशा निर्मनुष्य नद्याच सोयीच्या. म्हणून राखणीचा किमान खर्च सर्वसाधारण कररूपी महसुलातून बांधलेला असावा आणि फी त्यावरची भर असावी, हा क्रम उलटा करणे धोक्याचे आहे.

फी आणि संवर्धन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वांत नेमकेपणाने सांगितले ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, एका आदिवासी मासेमाराच्या खटल्यात. याकिमा जमातीच्या सॅम्पसन टूली यांनी राज्याचा परवाना न घेता हातजाळीने सॅमन धरला म्हणून त्यांना शिक्षा झाली होती. जमातीचा मासेमारीचा हक्क १८५५ च्या तहाने राखलेला होता. १९४२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की मासा टिकवण्यासाठी आवश्यक असे काळावेळाचे आणि पद्धतीचे निर्बंध राज्याला या लोकांवरही घालता येतील, पण फी लादता येणार नाही. कारण फीचा हेतू महसूल मिळवण्याचाही आहे आणि नियमनाचे काम तिच्याशिवाय होऊ शकते. पुढे न्यायाधीश बोल्ट यांच्या १९७४ च्या निकालाने वॉशिंग्टनमधल्या तहबद्ध जमातींना धरता येण्याजोग्या सॅमनचा निम्मा वाटा दिला आणि त्या राज्याच्या बरोबरीने व्यवस्थापनात आल्या. मोऱ्यांचा खटला जिंकला तो याच जमातींनी. फी न भरणाऱ्या या लोकांनी सॅमनसाठी अब्जावधी डॉलर रस्तेखात्याकडून वसूल करून दिले, ही गोष्ट फीच्या समर्थकांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

सरकारी परवान्याशिवायही सॅमनची राखण होऊ शकते, याचा दुसरा पुरावा स्कॉटलंड आणि आइसलँड. स्कॉटलंडमध्ये बॉर्डर एस्क नदीचा अपवाद सोडला तर गळ-परवाना नाही. सॅमन धरण्याचा हक्क तिथे जमिनीपासून वेगळी मालमत्ता आहे आणि जिल्हा मंडळे या मालकांकडूनच पट्टी घेऊन राखणदार ठेवतात. २०१६ पासून प्रत्येक नदीची प्रतवारी होते आणि खालच्या प्रतीच्या नदीत मासा मारता येत नाही. आइसलँडने समुद्रातली सॅमन मासेमारी १९३२ मध्येच बंद केली. नदीकाठच्या शेतकऱ्यांचे सक्तीचे संघ किती गळ चालतील ते ठरवतात आणि दिवसाचे भाडे भरमसाट लावतात. मासा टिकतो, शेतकऱ्याला उत्पन्न मिळते. सामान्य माणसाला मात्र ती नदी काठावरून पाहण्यापुरतीच उरते. परवाना फी स्वस्त ठेवण्यामागे हा लोकशाहीचा मुद्दाही असतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ज्या समाजात सॅमन धरणारे मूठभर श्रीमंत असतील तिथे सॅमनसाठी मतदान करणारेही मूठभरच राहतील.

नॉर्वेत हे सगळे ताण एकाच वेळी पाहायला मिळतात. तिथे सॅमन, सी-ट्राउट किंवा सी-चार धरणाऱ्याला राज्याची वार्षिक फी भरावी लागते आणि नदीमालकाचे मासेमारी-पत्र वेगळे घ्यावे लागते. फीचा निधी संशोधन, देखरेख आणि नदीसुधारणेसाठी राखलेला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात परतणाऱ्या सॅमनची संख्या इतकी कोसळली की पर्यावरण संचालनालयाने २३ जूनपासून ३३ नद्या भर हंगामात बंद केल्या. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने अटलांटिक सॅमनला जागतिक पातळीवर ‘संकटसमीप’ आणि ब्रिटनमध्ये ‘संकटग्रस्त’ ठरवले होते. २००६ ते २०२० या काळात त्याची जागतिक संख्या २३ टक्क्यांनी घटली, असा त्यांचा हिशेब. तापता समुद्र हे त्यामागचे मोठे कारण आहे आणि त्यावर कुठल्याही मत्स्यखात्याचे नियंत्रण नाही. दुसरे कारण नॉर्वेच्या हातातले आहे. फ्योर्डांमधल्या पिंजऱ्यांत दर वर्षी १० लाख टनांहून अधिक सॅमन वाढवला जातो. तिथून पसरणाऱ्या सागरी उवा समुद्राकडे निघालेल्या रानटी पिल्लांना मारतात, आणि निसटलेले पाळीव मासे नद्यांत शिरून वंशात मिसळतात.

या पिंजऱ्यांसाठीही परवाना लागतो, आणि त्याची किंमत गळ-परवान्याशी तोलून पाहण्यासारखी आहे. २०१८ मध्ये वाढीव उत्पादनाच्या हक्कांचा लिलाव झाला तेव्हा जवळजवळ ३ अब्ज क्रोनर मिळाले. हा पैसा मत्स्यशेती निधीतून मुख्यतः पिंजरे असलेल्या नगरपालिकांना आणि जिल्ह्यांना वाटला जातो, जेणेकरून त्यांनी आपल्या फ्योर्डात पिंजऱ्यांना जागा द्यावी. २०२३ पासून या उद्योगाच्या नफ्यावर २५ टक्क्यांचा विशेष करही बसला आहे. तो कर राज्य आणि नगरपालिका यांच्या सर्वसाधारण महसुलात जातो. नगरपालिकेने त्यातला पैसा शाळेवर, रस्त्यावर किंवा वृद्धाश्रमावर खर्च करावा, तिला पूर्ण मुभा आहे. रानटी सॅमनच्या नद्यांसाठी त्यातला ठरावीक हिस्सा राखून ठेवण्याची अट घातलेली नाही. गळ टाकणाऱ्याच्या काही शे क्रोनरवर मात्र ती अट आहे.